मस्तगडच्या फ्रिजमधला गॅस

मी जुन्या फ्रिजमधला गॅस बोलतोय. मला रंग नाही, वासही जवळजवळ नाही. म्हणून मी गेलो तेव्हा कुणाला कळलं नाही.

माणसांनी मला कारखान्यात तयार केलं आणि बारीक नळ्यांमध्ये भरलं. जालन्याच्या मस्तगडात, प्रेमलाबाईंच्या वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मी कितीतरी वर्षं फिरत राहिलो. त्यांच्या यजमानांचं इन्सुलिन मी भर उन्हाळ्यातही गार ठेवलं. शेजारणी बर्फ मागायला यायच्या, तेव्हा मला बरं वाटायचं.

मग नवीन फ्रिज आला. प्रेमलाबाईंची सून शरयू हायस्कूलात विज्ञान शिकवते. ती म्हणाली, "आई, यातला गॅस वर गेला की ओझोनचा थर विरळ होतो. तो काढून घेणारा माणूस संभाजीनगरहून येणार आहे. तोवर कुणाला हात लावू देऊ नका."

मला धीर आला. पण दिवस जात राहिले आणि जुना फ्रिज वाटेत अडायला लागला.

"तुझा पाहुणा महिनाभरापासून येऊनच राह्यला," सासूबाई म्हणायच्या.

एका दुपारी शरयू शाळेत असताना भंगारवाला संपत आला. जिना अरुंद, फ्रिज जड.

"मावशी, खालचा कॉम्प्रेसर काढतो. मंग हलका होईल."

"काढ, पण जल्दी कर. अन् भिंत खरचटू नको."

त्याने नळी कापली. फुस्स झालं, आणि मी बाहेर होतो.

संध्याकाळी शरयूने रिकामी जागा पाहिली. "नळी कापली का, आई?"

"जिन्यातून उतरंना, मंग काय करता? काही सांडलं न्हाई बाई. फरशी कोरडीच हाये."

शरयू संभाजीनगरला फोन लावून "आता येऊ नका," एवढंच म्हणाली.

आता मी वाऱ्यासोबत भटकतोय. फार वर पोहोचायला वर्षं लागतील. तिथलं प्रखर ऊन मला फोडेल आणि माझ्यातला क्लोरीन सुटेल. वारे त्याला दक्षिण ध्रुवावर नेतील, तिथे हिवाळ्यात उंचावर गोठलेले ढग असतात. त्यांच्यावर तो क्लोरीन सक्रिय होईल आणि ऊन परतलं की ओझोन तोडत सुटेल. त्याचा एकेक कण ओझोनचे हजारो कण तोडतो. सूर्याचे घातक किरण अडवणारा तो थर आत्ता कुठे हळूहळू भरून येतोय, आणि मी त्याच्याकडेच निघालोय.

माझ्यासारखे अजून कितीजण जुन्या फ्रिजांमध्ये बंद आहेत. बंद आहेत तोवर ते निरुपद्रवी आहेत. तुमचा फ्रिज जिन्यातून उतरत नसेल तर आणखी दोन माणसं बोलवा, पण नळी कापू नका. मला आता कुणीच परत आणू शकत नाही.