शिक्क्यावरचं कुंकू

मित्रांनो, मला हातात घ्याल तर जरा बेतानं घ्या. माझी शिवण सैल झाली आहे आणि मधलं पान पार मऊ पडलं आहे. परदेशी जाणाऱ्या माणसांजवळ लस टोचल्याचा दाखला असावा लागे, त्यासाठी छापलेली मी एक जुनी पिवळी पुस्तिका आहे. माझा जन्म समुद्रापलीकडे जाण्यासाठी झाला. पण सगळं आयुष्य गेलं ते नागपुरात, जुनी शुक्रवारी या वस्तीतल्या एका पत्र्याच्या पेटीत.

छापखान्यातून मी आले ती आरोग्य खात्याच्या कचेरीतल्या लाकडी कपाटात. माझ्यासारख्या शंभर जणी एकीवर एक पडून होत्या. कपाटाच्या फटीतून मला रांग दिसे. हजला निघालेली म्हातारी माणसं, कुवेतला चाललेला वेल्डर, शिक्षण संपवून मलेशियाला परतणारा डॉक्टरकीचा विद्यार्थी. प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या देशानं सांगितलेलं असे की पारपत्र आणा, प्रवेशाचा परवाना आणा, फोटो आणा आणि पिवळी पुस्तिका आणा. यातलं एक जरी कमी पडलं तरी विमानातून उतरलेल्या माणसाला वेगळ्या खोलीत ठेवीत किंवा आल्या वाटेनं परत धाडीत. त्यामुळे त्या रांगेत कोणी फारसं बोलत नसे. सगळे आपापली तारीख मोजत उभे असत.

माझी पाळी आली १९७२ च्या एप्रिलमध्ये. चौदा तारखेला गोपिका नावाची एक बाई नऊ महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. ती बी.ए. झालेली होती. तिचा नवरा मनोहर झांबियात गणिताचा मास्तर होता आणि त्यानं तिकडून बायको-मुलीसाठी प्रवेशाचा परवाना पाठवला होता. परवान्यावर स्पष्ट लिहिलं होतं, तीस एप्रिलच्या आत देशात पाऊल पडलं पाहिजे. नाहीतर पुन्हा अर्ज, पुन्हा आठ-दहा महिने वाट. मनोहरनं मुलीला अजून पाहिलंही नव्हतं.

परवाना खरं तर जानेवारीतच आला होता. पण जानेवारीत पोरीला खोकला होता, फेब्रुवारीत दात येत होते, मार्चमध्ये तिचं वजन कमी भरलं. पोरीला सुई टोचायची म्हटलं की गोपिका पुढचा आठवडा धरी. असं करता करता दिवस संपले. हे तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं, पण माझ्या पहिल्या पानावर मुलीचं नाव लिहिताना ती पुन्हा पुन्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती, त्यावरून मला कळलं. मुलगी सही करू शकत नाही म्हणून सहीही तिनंच केली.

लस टोचली देवराव यांनी. तीस वर्षं खेडोपाडी फिरून त्यांनी देवीची लस टोचली होती. लोक त्यांना देवी-डॉक्टरच म्हणत. कपाटाची किल्ली आणि गोल शिक्का मात्र कचेरीतले कारकून कृष्णकांतबाबू यांच्या खणात असत. त्यांनी गोपिकाला समजावलं की पहिल्यांदा टोचलं की आठ दिवस थांबायचं, मग दंडावरचा फोड दाखवायला मूल इथं आणायचं. फोड नीट आला असेल तरच पुस्तिकेत ‘यशस्वी’ असं लिहून शिक्का बसतो. बावीस तारखेला या म्हणाले. पंचविसाची गाडी आणि सत्ताविसाचं मुंबईहून विमान होतं. गोपिकानं बोटांवर हिशेब केला आणि मला पदराखाली धरून ती घरी आली.

चौथ्या दिवशी पोरीच्या दंडावर फोड आला आणि अंग तापलं.

मित्रांनो, त्या आजाराचंही नाव देवी आणि लसीलाही देवी टोचणंच म्हणायचे. गोपिकाची सासू भागीरथा हिच्या लेखी दोन्हींत फरक नव्हता. उमरेडकडच्या खेड्यात तिचं आयुष्य गेलेलं. नातीच्या दंडावर फोड दिसताच देवी घरी पाहुणी आली असं मानून तिनं हात जोडले आणि दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला. घरातली फोडणी बंद झाली. कोणी डोक्याला तेल लावायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, पोरीला न्हाऊ घालायचं नाही. खपली पडून मातामायला, म्हणजे देवीआईला, दहीभाताचा थंडा नैवेद्य दाखवेपर्यंत पोरीनं उंबरठा ओलांडायचा नाही. मी फळीवर पडून हे बघत होते. घरी येणाऱ्या देवीचेही नियम आणि परदेशी जाणाऱ्या पोरीचेही. मला वाटलं, ही पाहुणी माझ्याही वरचढ आहे.

गोपिकानं समजावून पाहिलं. हा लसीचा फोड आहे, खरी देवी नव्हे, असं तिनं तीनदा तरी सांगितलं. भागीरथा ऐकून घेई आणि निंबाच्या पाल्यानं पोरीला वारा घाली. बावीस तारखेला सकाळी गोपिकानं पोरीला दुपट्यात गुंडाळलं, तेव्हा सासू दारात आडवी बसली.

“काहून वं,” ती म्हणाली, “घरात पाव्हणी बसली असताना पोरीले रस्त्यानं नेतं का?”

खरं सांगू का, गोपिकानं ठरवलं असतं तर ती बाजूनं गेली असती. पण पोरीचं अंग अजून गरम होतं. चार दिवस ती धड झोपली नव्हती. पुस्तकात वाचलेलं सगळं गोपिकाला ठाऊक होतं आणि तरी त्या दाराशी तिच्या मनात आलं, न जाणो. तिनं पोरीला परत पाळण्यात ठेवलं आणि एकटी मला घेऊन कचेरीत गेली.

कृष्णकांतबाबूंनी मला उघडलं, मिटलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

“पोरगी कुठं आहे?”

तिनं घरचं सांगितलं. रांगेतला एक जण हसला.

“बाई, शिक्का हात पाहून लागतो,” कृष्णकांतबाबू म्हणाले. “तुमचा चेहरा पाहून लावायला लागलो तर उद्या तिकडचे लोक पोरीला तुमच्यापासून वेगळं ठेवतील. मग तिथं मी येणार आहे का?”

ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. मला तिनं इतकं घट्ट धरलं होतं की माझ्या पुठ्ठ्याला घामाचा डाग पडला. तो अजून आहे. दुपारी देवराव फिरतीवरून आले. बाकावरची बाई त्यांनी ओळखली आणि सायकल न ठेवताच विचारलं, घरी माता बसवली का? तिनं मान हलवली. अशी घरं त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती.

ते तिच्याबरोबर आले. दाराबाहेर चपला काढल्या, पाय धुतले आणि उंबरठ्याबाहेरूनच म्हणाले, “माय, आत येऊ का? पाव्हणीचं दर्शन घेतो अन् जातो.”

भागीरथेनं आपण होऊन नातीचा दंड पुढे केला. देवरावांनी हात जोडले, मग चष्मा लावला आणि फोड नीट पाहिला. माझ्या पानावर ‘यशस्वी’ लिहून त्यांनी सही केली. त्यांच्या सहीवर कृष्णकांतबाबूंनी संध्याकाळी शिक्का मारला. मित्रांनो, शिक्का बसला तेव्हा मला जो आनंद झाला, तसा पुन्हा कधी झाला नाही. गोपिका त्या दिवशी घरी आली आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली.

चूक घडली ती तेवीस तारखेला. भागीरथेला अक्षर येत नव्हतं. पण या कागदावर मातेचं येणं लिहिलं आहे एवढं तिनं देवरावांच्या तोंडून ऐकलं होतं. मातेचं नाव असलेला कागद नातीबरोबर साता समुद्रापार जाणार, मग तो असाच कोरा कसा पाठवायचा? सून सामान बांधत असताना तिनं मला देवीपुढे ठेवलं, बोटं पाण्यात बुडवली आणि बरोबर शिक्क्यावर हळद-कुंकू वाहिलं. वर निंबाचं पान ठेवलं आणि मला मिटलं.

शाई फुटली. तारखेचा आकडा लाल पाण्यात विरघळला. मी ओरडू शकत नव्हते.

चोवीसला सकाळी गोपिकानं कागद शेवटचे तपासायला घेतले आणि मी उघडली गेले. माझ्या पुठ्ठ्यावर छापलेलंच आहे की मजकुरात खाडाखोड झाली तर दाखला रद्द. ती तशीच कचेरीत गेली आणि तासाभरानं परत आली. देवराव कळमेश्वरकडे फिरतीवर गेले होते, चार दिवस येणार नव्हते. नवी पुस्तिका मिळेल, पण आता मोठे डॉक्टर स्वतः खपली पाहतील. मूल तिथं न्यायलाच हवं, आजच.

ती सासूवर चिडली नाही. चिडायलाही अंगात काही उरावं लागतं. काय झालं ते तिनं सांगितलं. भागीरथा माझ्या पानाकडे बघत राहिली. तेव्हा गोपिकानं पहिल्यांदा ते विचारलं, जे तिनं दहा दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं.

“आई, तुमाले एवढं भेव कायचं वाटते?”

भागीरथेनं हातातली निंबाची काडी मोडली.

“माही मनकर्णा,” ती म्हणाली. “मनोहरच्या आंधीची. दोन वर्षांची होती. माता आली होती तिले. चौथ्या दिवशी मीच बैलबंडीत बसवली. उमरेडले लगन होतं, घरी कोन ठेवते? परत आलो तं बंडीत नुसतं अंग होतं.”

मनोहरला एक थोरली बहीण होती हे गोपिकाला त्या दिवशी कळलं. परवान्याची तारीख तिनं काढली नाही. ती फक्त सासूच्या शेजारी जाऊन बसली. माझ्यावरून दोघींची बोटं फिरत होती.

मग म्हातारी उठली. पाळण्यातून नातीला उचलून खांद्यावर घेतलं, दुपट्यात निंबाचा पाला खोचला.

“चाल वं,” ती म्हणाली. “काही झालं तं ते माह्यावर.”

उंबरठ्याशी तिचे पाय थांबले. सुनेनं तिचा हात धरला. मग ती बाहेर पडली. एप्रिलचं ऊन डोक्यावर होतं. तिनं वाटेत मातामायच्या ठाण्याशी रिक्षा उभी करवली आणि खाली न उतरता हात जोडून काहीतरी पुटपुटली. मला वाटलं, हीदेखील आपला एक परवाना काढते आहे.

मोठ्या डॉक्टरांनी खपली पाहिली. नव्या पुस्तिकेवर नवा शिक्का बसला. माझ्यावर कृष्णकांतबाबूंनी दोन आडव्या रेघा मारून ‘रद्द’ लिहिलं आणि मला फाडायला घेतलं.

“तिच्यावर माह्या नातीचं नाव हाय ना?” भागीरथा म्हणाली. “मंग मले दे.”

“रद्द झालेली आहे आजी. कुठंच चालत नाही.”

“मले कुठं जायचं हाय?”

त्यांनी मला दिलं. दुसऱ्या दिवशी गोपिका नव्या पुस्तिकेसह गाडीत बसली. पोर खडखडीत होती. तीसच्या आत पोचल्याची तार आली. मी मात्र पेटीत गेले.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पेटीत अंधार असे. दर चैत्रात पेटी उघडे, माझ्यावर कुंकवाचं एक बोट लागे आणि पेटी मिटे. नात तिकडे मोठी होत होती. तिला आजीचा चेहरा ठाऊक नव्हता. मनोहर दोनदा येणार होता. एकदा रजा नाकारली, एकदा झांबियात परत शिरण्याचा परवाना वेळेत मिळाला नाही. म्हातारी पत्र दुसऱ्याकडून वाचून घेई आणि माझ्या पानांत ठेवी.

१९८१ मध्ये मनोहरनं आईलाच बोलावलं. भागीरथा तेव्हा सत्तरीची होती. तिला ठाऊक होतं की परदेशी जायचं तर आधी त्या कचेरीत जायचं. तिनं मला पिशवीत घातलं आणि गेली. कृष्णकांतबाबूंचे केस पिकले होते. त्यांनी मला उलटंपालटं केलं, लाल डाग पाहिला आणि ओळखलं. म्हाताऱ्या बाईनं पदर सारून दंड पुढे केला.

“नाही आजी, आता देवी टोचत नाहीत,” ते म्हणाले. “दुसरी एक सुई आहे, ती टोचू. देवीचा रोगच जगातून गेला. कोणत्याच देशाला आता हा दाखला लागत नाही.”

“गेली? सगळीकडून?”

“सगळीकडून.”

भागीरथेनं पदर सारखा केला. रांगेतली माणसं वाट बघत होती. तिनं मला हातात घेतलं, दोन आडव्या रेघांवरून अंगठा फिरवला.

“मनकर्णा थोडी थांबली असती तं,” ती एवढंच म्हणाली.

मित्रांनो, मी थकलेली पुस्तिका आहे. मी कुठल्या देशात शिरले नाही, कुठल्या अधिकाऱ्यानं मला तपासलं नाही. तुम्हाला दोनच गोष्टी सांगते. कागदावरची तारीख वेळेत वाचा, आजचं काम पोराच्या खोकल्यावर ढकलू नका. आणि घरात कोणी उंबरठा अडवून बसलं असेल, तर त्याला अडाणी म्हणण्याआधी जवळ बसून विचारा, की या उंबरठ्यावरून एकदा कोण गेलं होतं.