अम्माच्या नावाची पत्रं

नूरुद्दीन परकार खोटं बोलणाऱ्यातला माणूस नव्हता. कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला बंदराच्या रिफायनरीत आठ वर्षं स्टोअर सांभाळलं, एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही. पण असा माणूस एकदा खोटं बोलायला बसला की मग बघायलाच नको, अगदी मन लावून बोलतो.

झालं ते असं. त्याची भाची असमा, दाभोळच्या खाडीकाठची, सदुसष्ट साली वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळवून कुवेतमधल्या मुलींच्या कॉलेजात आली. रजा संपवून परतताना नूरुद्दीनच तिला घेऊन आला. साऱ्या मोहल्ल्यात कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. तिच्या बापाने मरायच्या आधी तिला अरबी पक्कं शिकवून ठेवलं होतं, पण ते किताबातलं. हॉस्टेलच्या मुलींचं बोलणं निराळंच. असमाने जेवताना पाणी मागितलं तरी त्या एकमेकींना कोपराने ढोसायच्या, "ऐका ऐका, मशिदीतला खुत्बा सुरू झाला!" वाईट नव्हत्या हो त्या, हसायचंच वय ते. पण या पोरीने तोंड उघडणंच सोडलं. अर्ध्या ताटावरून उठायची. शुक्रवारी मामू आला की फाटकाजवळच्या बाकावर बसून घडाघडा आपली बोली बोलून घ्यायची आणि मग रडायची.

घरची पत्रं मामूच ने-आण करायचा. आपल्या लोकांची रीतच होती ती, टपालावर भरवसा कोण ठेवणार? बोटीने मुंबईला जाणारा कुणी ना कुणी गाववाला असायचाच. जाणाऱ्याच्या पेटीत पत्रं, येणाऱ्याच्या पेटीत उत्तरं. असमाची आई झुलेखा म्हणजे नूरुद्दीनची थोरली बहीण. तिला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि शेजारपाजारचं जे सापडेल ते लिहायचं. त्यामुळे अक्षर दर खेपेला वेगळं.

डिसेंबरात गाववाला यूनुस बोटीवरून उतरला. पेटी उघडायच्या आधीच त्याने नूरुद्दीनला बाजूला घेतलं. झुलेखाआपा गेली होती. तीन दिवस ताप आला आणि गेली. दफन होऊन पंधरवडा उलटला होता.

नूरुद्दीन दोन दिवस जेवला नाही. तो राहायचा त्या गाववाल्यांच्या खोलीत सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, पोरीला आत्ता सांगायचं नाही. परमुलखात एकट्या माणसाला मौतीची खबर एकदम देत नाहीत, हेही जुनंच. खोलीतला अब्बास म्हणाला, "आत्ता सांगितलंस तर ती पहिल्या बोटीला बसेल. मग कसलं कॉलेज घेऊन बसलास? चुलते महिन्याभरात निकाह लावून मोकळे होतील. मे महिन्यात परीक्षा आहे, ती होऊ दे." नूरुद्दीनला पटलं. आपानेच निघताना त्याला धक्क्यावर बजावलं होतं, "नूऱ्या, पोरगी पुरती शिकूनच येऊ दे."

मग अम्माच्या नावाची पत्रं सुरू झाली. नूरुद्दीन सांगायचा, अब्बास लिहायचा. असमाचं पत्र गावाला जायच्याऐवजी खोलीत फुटायचं आणि महिन्याभराने उत्तर घेऊन मामू हजर, "काल अमका आला गं बोटीने!" कोंबड्या अंड्यांवर बसल्या, फणसाला फळ लागलं, असलं सगळं तो आठवून आठवून घालायचा. घालता घालता स्वतःच रडायचा.

जानेवारीतलं पत्र चार ओळींचं होतं. "अम्मा, माझ्याच्याने होत नाही. इथे माझ्याशी कुणी बोलत नाही. मला बोलावून घे."

 दोन दिवस विचार करून नूरुद्दीनने अब्बासला सांगितलं, "लिही. बेटी, शिक्षण टाकून आलीस तर मी तुझं तोंड बघणार नाही."

अब्बासचा हात थांबला. "हे जरा जास्त होतंय."

"लिही रे तू. आपा कडकच बोलायची."

आपा जन्मात कधी कडक बोलली नव्हती. कडक होता तो हाच.

पण औषध लागू पडलं म्हणायचं! असमा रडायची थांबली. हॉस्टेलच्या मुलींची बोली तिने हट्टाने उचलली. ताट पुरं करू लागली, मैत्रिणी जमवल्या. घरी पत्र मात्र लिहीना. "वेळ नाही मामू. तुम्हीच कळवा मी बरी आहे म्हणून." नूरुद्दीनला सुटल्यासारखं झालं. पोरगी मार्गाला लागली, आणखी काय पाहिजे!

जूनमध्ये निकाल लागला. असमा वर्गात दुसरी आली. त्या शुक्रवारी त्याच बाकावर नूरुद्दीनने तिला सगळं सांगून टाकलं. ताप, दफन, अब्बास, पत्रं. काही म्हणून लपवलं नाही.

ती ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "तोंड बघणार नाही, ते कुणी लिहिलं?"

"मी सांगितलं. तुझ्या भल्यासाठी गं, बेटी."

"निघताना अम्मा मला चुलीपाशी घेऊन गेली होती," असमा म्हणाली. "म्हणाली, मामूला बोलू नकोस, पण जीव नाही रमला तर एक ओळ लिही, मी माणूस पाठवून तुला परत आणीन. मी ती ओळ लिहिली, मामू. आणि उत्तर आलं ते हे."

नूरुद्दीनला हे माहीत नव्हतं. आपाने त्यालाही न सांगितलेली गोष्ट होती ती.

"मी रागाने शिकले," ती म्हणाली. "पाच महिने प्रत्येक नमाजानंतर सगळ्यांसाठी दुआ मागितली. तुमच्यासाठी मागितली, त्या हसणाऱ्या मुलींसाठीसुद्धा मागितली. अम्माचं नाव मुद्दाम गाळायची मी. तिला कळू दे म्हणायची. आणि ती तिकडे कबरीत होती. मेलेल्या माणसाला दुसरं काय लागतं हो, मामू? पोरीची दुआच ना?"

नूरुद्दीनला रडू आवरेना.  असमाने ओढणी डोक्यावरून पुढे घेतली आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, दोन्ही हात उघडून दुआसाठी समोर धरले. नूरुद्दीनने डोळे पुसले आणि आपलेही हात वर केले.

"तुम्ही नको," ती म्हणाली. "आज मला एकटीला मागू द्या."

नूरुद्दीनने हात खाली घेतले.