एकशे बाराव्या पानावर

मित्रांनो, माझ्या पाठीला खाकी चिकटपट्टी लावलेली आहे, कडा चहासारख्या तपकिरी झाल्या आहेत आणि मागच्या पुठ्ठ्याला कसरीने पाडलेली तीन भोके आहेत. मी एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे. अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा आणि ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा इतिहास माझ्यात छापलेला आहे. नाव ऐकून वाटेल, काय मजेत गेले असेल याचे आयुष्य! पण खरे सांगायचे तर माझे बरेचसे आयुष्य भीतीतच गेले.

पहिली भीती छापखान्यातली. माझी पाने एकावर एक रचली आणि वरून हातभर लांबीचे पाते खाली आले. आपण संपलो असेच मला वाटले. पण त्याने फक्त कडा सारख्या केल्या. मग शिवण झाली, डिंक लागला, पुठ्ठा चढला. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या लोकांची व्हायोलिनसारखी फिडल, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचा बँजो, हवाई बेटांवरून आलेली स्टील गिटार, गिरणीतून सुटल्यावर रेडिओवर गायला जाणाऱ्या बायका, हे सगळे पोटात घेऊन मी जगात आलो.

सिंगापूरला मला एका अमेरिकन प्राध्यापकाने आणले. क्लेमेंटी भागात विद्यापीठाजवळ तो भाड्याने राहत असे. परत जाताना सामान जड झाले, तेव्हा त्याने मला इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, म्हणजे व्हॉइड डेकमध्ये, कोणीही ठेवावीत आणि कोणीही न्यावीत अशा पुस्तकांच्या फळीवर ठेवले. तिथे मी आठ महिने काढले. इथली हवा बारा महिने ओली. महिन्यातून एकदा सफाईवाला ढकलगाडी घेऊन यायचा आणि बुरशी धरलेली पुस्तके उचलून न्यायचा. दर वेळी त्याचा हात माझ्या पाठीवरून फिरायचा आणि माझ्या पानापानाला कापरे भरायचे.

तिथून मला उचलले ते श्रीनिवासने. मूळचा पुण्याचा, वय एकोणसाठ, एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. तरुणपणी कामासाठी वर्षभर टेक्ससमध्ये एकटाच राहिला होता. तिथल्या लांबच लांब रस्त्यांवर गाडीतल्या रेडिओवरच्या याच संगीताने त्याला सोबत केली होती. माझे मुखपृष्ठ पाहून तो जागच्या जागी थांबला, मला छातीशी धरले आणि लिफ्टने अकराव्या मजल्यावर घेऊन आला.

"अहो, आणखी एक पुस्तक? आणि तेही रस्त्यावरचं?" दार उघडताच नीता म्हणाली. नीता त्याची बायको. रविवारी मराठी मुलांना बाराखडी शिकवायची. त्यांची मुलगी ऋचा मेलबर्नला असे, म्हणून घरात दोघेच.

"रस्त्यावरचं नाही गं. व्हॉइड डेकमधलं."

"तेच ते. आधी उन्हात ठेवा त्याला."

मग आमचा एक परिपाठ पडला. शनिवारी दुपारी नीता टेबलाशी बसून मेथी निवडायची किंवा मटार सोलायची आणि समोर श्रीनिवास मला उघडून वाचायचा. इंग्रजी वाचायचा आणि लगेच मराठीत सांगायचा. नीताचे अर्धे लक्ष भाजीत असे, पण तो थांबला की ती म्हणे, "मग पुढे?" दोन वर्षांत त्याने मला चारदा वाचून काढले. ते माझे सुखाचे दिवस.

मित्रांनो, पुस्तकाला एक गोष्ट सगळ्यांच्या आधी कळते. वाचणाऱ्याचा डोळा. श्रीनिवासचा डावा डोळा लहानपणापासून अधू होता. वाचायचे सगळे काम उजवा करी. यंदा मार्चच्या एका गुरुवारी तो वाचता वाचता दचकला आणि हवेत हात फिरवला. माशी हाकलावी तसा. खोलीत माशी नव्हती. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तसेच केले. मग डोळे चोळले आणि मला उजेडाकडे धरले. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्याने एक हात उजव्या डोळ्यासमोर धरला आणि हळूहळू खाली नेला. हात कुठे नाहीसा होतो ते तो पाहत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"सोमवारी डॉक्टरकडे जाऊ," तो स्वतःशीच पुटपुटला. "सोमवारी नक्की."

पुढच्या पंधरवड्यात त्याच्या नोकरीचा करार नव्याने व्हायचा होता, म्हणून तो हे लपवत होता. पण नुसते तेवढेच नव्हते. त्याची आई नजर गेल्यावर शेवटची सहा वर्षे भिंत चाचपत चालली होती. त्या रात्री तो जेव्हा माझ्यावर डोके टेकून बसला, तेव्हा त्याच्या तोंडून "आई" एवढेच आले. मला ओरडून सांगावेसे वाटले, नीता, इकडे ये, याला विचार! पण चारशे पाने शब्दांनी भरलेली असूनही मला एक शब्द बोलता येत नाही. त्या वेळी मला माझ्या मुकेपणाची जेवढी भीती वाटली, तेवढी पात्याचीही वाटली नव्हती.

शनिवार उजाडला. जेवणे झाली, नीता गवार घेऊन बसली. श्रीनिवासने मला उघडले. त्याची बोटे कडेवरून चाचपडत होती. पान उलटले गेले ते कुठले, हे त्याला कळले नाही. तो वाचू लागला. बँजो कसा भोपळ्याला कातडे ताणून बनवत, मळ्यांवर राबणारी माणसे तो संध्याकाळी कसा वाजवत, हे तो न अडखळता सांगत होता. बोट ओळीखालून सरकावे तसे डावीकडून उजवीकडे सरकत होते. आवाज नेहमीसारखाच होता.

"भोपळ्याचा?" नीता म्हणाली. "म्हणजे आपल्या तंबोऱ्यासारखाच की! दाखवा बघू, चित्र आहे का त्याचं?"

"नाही, चित्र नाहीये," तो घाईघाईने म्हणाला. "तू कर तुझं काम."

पण ती उठली. पदराला हात पुसत त्याच्या मागे येऊन उभी राहिली. माझे एकशे बारावे पान उघडे होते. त्या पानावर तीन बहिणी रेडिओच्या मायक्रोफोनपुढे उभ्या आहेत. पानभर फोटो. एकही अक्षर नाही.

नीताने आधी पान पाहिले, मग त्याचे बोट.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "या पानावर तर नुसता फोटो आहे."

त्याचे बोट थांबले.

"तुम्ही वाचताय काय?"

तिने त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवले. "मी दिसतेय का तुम्हाला?"

"अर्धी," तो म्हणाला. "खालून काळा पडदा येतोय. कालपासून वाढलाय."

नीता ओरडली नाही की रडली नाही. तिने पाकीट, ओळखपत्रे आणि मला एका कापडी पिशवीत कोंबले, गॅस बंद आहे ना ते पाहिले आणि त्याचा हात धरून लिफ्टकडे निघाली. टॅक्सीत तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, "सोमवारी जाणारच होतो गं." पिशवीचे बंद तिने इतके घट्ट पिळले होते की माझा पुठ्ठा वाकला.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तपासले आणि सांगितले, डोळ्याच्या आतला पडदा सुटत आला आहे, ऑपरेशन लगेच करावे लागेल. नजर किती परत येईल ते आज कोणी सांगू शकणार नाही. श्रीनिवासला आत नेले. नीता बाकावर बसली आणि मला मांडीवर घेऊन तिने माझ्या पुठ्ठ्यावर दोन्ही तळवे दाबून धरले. ते बर्फासारखे गार होते. आम्ही दोघे किती वेळ घाबरून बसलो होतो, मला सांगता येणार नाही.

ऑपरेशन पार पडले. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. तो पडदा जागेवर दाबून धरतो, म्हणून आठ दिवस मान खालीच ठेवायची होती. घरी आल्यावर श्रीनिवास टेबलाच्या कडेला उशी ठेवून त्यावर कपाळ टेकून बसे. डोळ्यावर पट्टी, नजर जमिनीकडे. दुसऱ्या दिवशी त्याचे खांदे हलू लागले. तो आवाज न करता रडत होता.

इंग्रजी मोठ्याने वाचायचे म्हटले की नीता ते दुसऱ्यावर ढकली. इथे नवीन आली तेव्हा एका बैठकीत तिच्या उच्चारांना लोक हसले होते. तेव्हापासून चार माणसांत तिने इंग्रजी कागद वाचला नव्हता. ती नीता त्या दिवशी चटई घालून टेबलाखाली बसली आणि मला उघडून वाचू लागली. एकेका शब्दाला ठेचकाळत.

"अ‍ॅप... अ‍ॅपल-चियन..."

"अ‍ॅपलेशियन," वरून आवाज आला. "डोंगर आहेत ते. सफरचंदं नाहीत."

"हसू नका. मान हलवायची नाही म्हणून सांगितलंय."

"हसत नाहीये. वाच तू. पुढे काय झालं?"

आठ दिवसांत तिने माझी नव्वद पाने वाचून काढली.

बुडबुडा विरला, नजर आली, पण पूर्वीची नाही. सरळ ओळी त्याला नागमोडी दिसतात आणि माझी बारीक अक्षरे अजून लागत नाहीत. त्याने ऑफिसात सगळे सांगून टाकले. करार सहाच महिन्यांचा मिळाला. पुढे काय, ते त्यालाही माहीत नाही.

गेल्या मंगळवारची गोष्ट. सकाळी दोघे पोहे खात होते. श्रीनिवासने एकदम चमचा खाली ठेवला.

"नीता, डाव्या डोळ्यात काहीतरी चमकलं." मग थांबून म्हणाला, "मला भीती वाटतेय."

बत्तीस वर्षांच्या संसारात त्याच्या तोंडून हे वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकले असावे. ती ताबडतोब उठली आणि त्याला हॉस्पिटलात घेऊन गेली. पोहे तसेच राहिले. मी टेबलावर एकटा, पंखा चालूच, माझी पाने आपोआप उलटत होती. दुपारी दोनपर्यंत मी दाराबाहेरचा प्रत्येक आवाज ऐकत राहिलो. शेवटी कुलपात किल्ली फिरली.

"नाही निघालं काही," नीता चपला काढता काढता म्हणाली. "महिन्याने परत दाखवायचं. पोहे गरम करू का?"

मित्रांनो, मला कोरडे ठेवा, कसरीपासून जपा, हे मी मागितले तर तुम्ही द्याल. पण माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात कोणी पुस्तक नाकाशी धरू लागले, पायरीवर अडखळू लागले, नसलेली माशी हाकलू लागले, तर आम्हा पुस्तकांना ते दिसते, पण सांगता येत नाही. तुम्हाला बोलता येते. तुम्ही विचारा. आणि उत्तर "काही नाही" असे आले, तर खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसा.