माझ्या चकतीनं पुसलेली नावं

मी एक जुना हँड ग्राइंडर आहे आणि मित्रांनो, आज मी चिडलेलो आहे. गोड गोड कहाणी ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

माझी उमेदीची वर्षं एका फाउंड्रीत गेली. तिथे लोखंड वितळवून पाण्याच्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह ओतायचे. साच्यातून निघालेल्या व्हॉल्व्हच्या कडांना खरखरीत काटे राहतात. ते घासून काढणं हे माझं काम. मला चालवायची ठिणगीताई. दिवसभर ठिणग्यांत बसायची म्हणून सगळे तिला तसंच म्हणत. भट्टी सांभाळायचे तिचे सासरे. घासलेल्या कडेवरून अंगठा फिरवत ते म्हणायचे, "पोरी, लोखंडाचं लोणी केलंस की गं." ते ऐकलं की माझाही ऊर भरून यायचा.

मग सरकारनं नियम केला. सरकारी पैशातून जे बांधाल, त्यात देशातच तयार झालेला माल वापरा. नव्या सरकारी दवाखान्यासाठी सहाशे व्हॉल्व्ह पुरवायचं काम आमच्या मालकाला मिळालं. का? तर आमच्याकडे भट्टी होती. सासऱ्यांनी लगेच भट्टीच्या डागडुजीला विटा आणवल्या.

विटा तशाच पडून राहिल्या. एका सकाळी ट्रक आला. खोक्यांत परदेशात बनलेले तयार व्हॉल्व्ह होते, प्रत्येकावर तिथल्या कारखान्याचं नाव.

"एवढं नाव घासून टाक," मालक ताईला म्हणाला. "वर आपला शिक्का मारू."

"आणि भट्टी?"

"भट्टीला सुट्टी."

भट्टीबरोबर ओतकाम करणाऱ्या अकरा जणांनाही सुट्टी मिळाली. सासरे घरी बसले. आता घर ताईच्या एकटीच्या कमाईवर होतं, म्हणून ती दातओठ खात घासत राहिली. पण ते पाप माझ्याच चकतीनं केलं. काटे काढायला घडवलेला मी, आणि माझ्याकडून नावं पुसून घेतली. त्या दिवसांत मला माझाच आवाज नकोसा झाला होता.

एके दुपारी तपासणीला इंजिनिअर बाई आल्या. मालकानं चहा मागवला, कागद पुढे सरकवले. बाईंनी पेन उघडलं. ताईनं मला बंद केलं आणि ती उठली.

"बाई, सही करायच्या आधी भट्टीत हात घालून बघा."

"तिला काय कळतंय," मालक हसला. "ती नुसती घासणारी."

"तेच सांगतेय. पाचशे चाळीस नावं घासलीत मी. उरलेले साठ व्हॉल्व्ह मागच्या खोलीत आहेत, नावासकट."

बाई भट्टीपाशी गेल्या. आत मांजरीनं पिल्लं घातली होती. मागच्या खोलीतली खोकी उघडून त्यांनी नावं वाचली, पेन मिटलं आणि सगळा माल नाकारला.

त्या गेल्यावर मालकानं मला उचलून भिंतीवर आपटलं. "हे भंगार घे आणि चालती हो," तो म्हणाला. ताईनं माझी वायर गुंडाळली आणि मला घरी नेलं.

दवाखान्याचं काम दुसऱ्या फाउंड्रीला गेलं. तिथे खरोखर लोखंड ओततात. सासरे, ताई आणि आणखी सात जण तिथे लागले. उरलेल्यांना कुणी घेतलं नाही. माझं फुटलेलं कव्हर सासऱ्यांनी पट्टी मारून जोडलं, आणि मी पुन्हा काटे काढतो आहे. मालक? तो नव्या नावाची पाटी लावून पुन्हा टेंडरं भरतो आहे. हे कळल्यापासून माझं डोकं फिरलंय. फिरणं हा माझा धंदाच, पण हे फिरणं वेगळं.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी मालक होईल, कुणी सही करणारा साहेब होईल. नियम कागदावर राखला जात नाही. त्यासाठी भट्टीपर्यंत चालत जावं लागतं. आम्हा हत्यारांना वेळेवर तेल द्या, वायर तपासा, पण लबाडीला जुंपू नका. बटण दाबलं की आम्हाला फिरावंच लागतं. तुम्हाला कुठे बटण आहे?