आयलाच्या हातचे मोजे

युद्धात मालवाहू ताफ्यांच्या राखणीला जी छोटी जहाजं होती, त्यातल्या एकाला टॅनर्स कोव्ह या किनाऱ्यावरच्या गावाचं नाव होतं. म्हणून गावातल्या बायका त्याच्यावरच्या खलाशांसाठी हातमोजे विणून धाडत. मोठे विणायचे आणि समुद्राच्या पाण्यात आटवायचे, म्हणजे वारा आत शिरत नसे. एल्विन हर्टलच्या वाट्याला आयलाने विणलेली जोडी आली, आत तिच्या नावाची चिठ्ठी होती. त्याने आभाराचं पत्र टाकलं, युद्धानंतर गावात आला आणि तिच्याशी लग्न केलं. ‘याच मोज्यांनी हात वाचवले’ असं तो सगळ्यांना सांगायचा.

आयला वसंतात गेली. आता चर्चच्या दालनात जहाजाच्या आठवणी मांडल्या होत्या. मेव्हणी हिल्डा काचेच्या कपाटात ते मोजे ठेवत होती.

“एल्विन, हे तिचे नाहीत, ठाऊक आहे ना तुला?”

त्याने मोज्यांवरून नजर काढली.

“ती डावरी. तिचे टोकाचे टाके उलटे झुकायचे, हे सरळ आहेत. तू आणलेस त्याच दिवशी तिने ओळखलं. मला म्हणाली, त्याला बोलू नकोस, बिचारा किती अभिमानाने सांगतो. तिचे काय केलेस? तंबाखूसाठी दिलेस?”

“रम,” एल्विन म्हणाला. “एका पेल्याला दिले. हे डेरी बंदरातल्या एका दुकानातून घेतले.”

“ती शेवटपर्यंत तंबाखूच म्हणत होती.” हिल्डा हसली. त्याला हसू आलं नाही. जन्मभर तो जेवणाच्या टेबलावर ती गोष्ट सांगत होता आणि आयला त्याला वाढत ऐकत होती.

माणसं जमली. पाद्रीबाबांनी जहाजाची हकीगत वाचली. बर्फ फोडत काढलेले हिवाळे, बुडत्या जहाजांवरून उचललेली माणसं. मग ते मोज्यांकडे वळले.

“ते तिचे नाहीत,” एल्विन म्हणाला. “तिचे मी दारूपायी घालवले.”

मागे कुणीतरी खोकलं. एल्विनने मोजे काढून घेतले. कपाटात जागा रिकामी राहिली. हिल्डाने विचारलं, घरी तिने विणलेलं दुसरं काही आहे का?

त्याच्या कोटाच्या खिशात आयलाने शेवटच्या हिवाळ्यात विणलेली जोडी होती. त्याने खिशात हात घातला, त्या जोडीवर मूठ आवळली आणि तो म्हणाला, “नाही, काही नाही.”

हिल्डा त्या खिशाकडे बघत राहिली. त्याने मान वर केली नाही.