आईचा अंदाज

स्वानंद कॅनडातल्या सरे शहरातल्या घरातून ऑफिसला निघाला की नागपूरहून आईचा फोन ठरलेला. "आज बर्फ पडणार, माकडटोपी घाल." तिने बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसातला, पण ऑक्टोबरपासून रोज तिचा अंदाज हाच.

"अगं, इथे पाऊसच पडतो. रेडिओवरही तेच सांगताहेत," म्हणत त्याने टोपी कपाटातच ठेवली.

संध्याकाळी स्टेशनबाहेर घोटाभर बर्फ साचला होता. उघड्या डोक्याने घसरत, धडपडत तो कसाबसा घरी पोचला आणि त्याने आधी फोन लावला.

"आई, तुझं खरं ठरलं."

"मग? उद्याही पडणार आहे."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. तरी अख्ख्या स्कायट्रेनमध्ये एकच माणूस माकडटोपीत घामाघूम होऊन बसला होता.