माझ्यातून गेलेलं एक वाक्य

मी एक जुना माइक आहे. माझ्या जाळीला पोचा पडला आहे आणि वायरला दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे. मित्रांनो, आपली गोष्ट सांगताना मान ताठ असावी असं कुणालाही वाटतं. माझी तशी नाही.

कारखान्यात मला तपासणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "हा फार स्वच्छ ऐकतो." त्या कौतुकावर मी कित्येक वर्षं फुगून होतो. पुढे एका निवृत्त नर्सने मला विकत घेतलं. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. आवाज घुमू नये म्हणून त्यांनी खोलीच्या भिंतींवर रजया टांगल्या आणि पॉडकास्ट सुरू केला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी सेवा कशी करायची, एवढाच त्याचा विषय. त्यांची भाची संगणकावर काटछाट करायची.

ऐकायला तो फुकट होता. एकदा सिस्टरनी महिन्याला एका चहाइतके पैसे मागून पाहिले. नऊ हजार ऐकणाऱ्यांपैकी एकतीस जणांनी दिले. बाकीच्यांवर माझा राग नाही. शेजारी शेकडो आवाज फुकट बोलत असताना पाकीट कोण उघडणार? पण फुकट म्हणजे कुणीच पैसे देत नाही असं नसतं. ऐकणारा देत नाही, तेव्हा विकणारा देतो. जितके जास्त कान, तितके जास्त देतो. म्हणून दार सगळ्यांना फुकटच उघडं ठेवावं लागतं.

आमच्याकडे हवेच्या गाद्या विकणारा आला. जाहिरात त्याला सिस्टरच्याच आवाजात हवी होती, कारण लोकांचा विश्वास त्या आवाजावर होता. कागदावर लिहिलं होतं, 'माझ्या आईसाठी मी हीच गादी वापरली. आता दर दोन तासांनी कूस बदलायची गरज नाही.'

सिस्टरची आई साध्या कापसाच्या गादीवर गेली होती. शेवटच्या दिवसापर्यंत सिस्टर गजर लावून तिची कूस बदलत होत्या.

"हे मी कसं वाचू गं?" त्यांनी विचारलं.

"मावशी, सगळेच वाचतात. नाहीतर मला दुसरी नोकरी बघावी लागेल."

सिस्टरनी वाचलं. तेव्हा मी जराशी खरखर केली असती, तर पुन्हा वाचताना कदाचित त्या थांबल्या असत्या. मी केली नाही. उलट आवाज किती मायाळू आला, म्हणून मी खूश झालो. मला लाज वाटते ती याचीच.

तीन महिन्यांनी एक सुतार पत्ता शोधत दारात आला. तो भांडायला आला नव्हता.

"सिस्टर, बायकोच्या पाठीला जखम झालीय. हाड दिसतंय. माझंच काहीतरी चुकलं असणार. गादीतली हवा तर मी रोज बघायचो. कूस मात्र बदलली नाही. तुम्हीच म्हणालात ना, गरज नाही म्हणून?"

सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. "तुमचं नाही, माझं चुकलं. ती गादी मी कधी पाहिलीसुद्धा नाही."

सुतार म्हणाला, "मग बोललात कशाला?"



सिस्टर तशाच त्याच्याबरोबर गेल्या. त्याच्या बायकोला दवाखान्यात हलवलं. ती घरी आल्यावर चार महिने सिस्टर रोज जखम धुवायला जात राहिल्या. गादीवाल्याचे पैसे त्यांनी परत केले आणि माझ्यासमोर बसून सगळं खरं सांगितलं. भाचीने त्यातला एकही शब्द कापला नाही. आता ती एका दुकानात नोकरी करते, आणि पॉडकास्ट महिन्यातून एकदाच निघतो. जखम भरली. सुतार मात्र आमचं काही ऐकत नाही.

खरं सांगितलेला तो भाग फार थोड्यांनी ऐकला. जाहिरातीचा भाग आम्ही काढून टाकला, तरी ज्यांनी तो आधीच उतरवून घेतला त्यांच्या फोनमधून तो परत आणता येत नाही. कुठल्यातरी घरात तो मायाळू आवाज आजही तेच सांगत असेल. मित्रांनो, तुमच्याकडे तो असेल तर पुसून टाका. आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर गादी कोणतीही असो, दर दोन तासांनी त्यांची कूस बदला.